श्वासनलिकेतली साधी गाठ : दम्याच्या निदानापासून जोडाच्या टाक्यांपर्यंत

उरोशल्य

'साधीच गाठ आहे ना, मग लेझरने जाळून टाका.' हे वाक्य या विषयात नेहमी ऐकू येतं आणि निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात. गाठ साधी की कर्करोगाची हे सूक्ष्मदर्शक सांगतो. जाळायची की नळीचा तुकडाच काढायचा, हे मात्र गाठीचं मूळ नळीच्या भिंतीत किती खोल गेलंय त्यावर ठरतं. या दोन प्रश्नांची गल्लत होऊ नये म्हणून हा धागा.

आधी थोडी मोजमापं. प्रौढाची ट्रेकिया, म्हणजे मुख्य श्वासनलिका, १० ते १३ सेंमी लांब असते. तिच्यात १८ ते २२ कूर्चेच्या कड्या, म्हणजे साधारण १ सेंमीला २ कड्या. मागची बाजू कूर्चेविना, नुसता पडदा, आणि त्याला टेकून अन्ननलिका. या नळीतच सुरू होणारे ट्यूमर मुळात दुर्मीळ. मोठ्यांमध्ये त्यातले दहापैकी नऊ कर्करोगाचे निघतात, मुलांमध्ये उलटं, तिथे साध्या गाठी जास्त. साध्यांत हॅमार्टोमा, पॅपिलोमा, श्वानोमा, ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, लायोमायोमा, लायपोमा, ग्लोमस ट्यूमर, प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा, कॉन्ड्रोमा असे बरेच प्रकार आहेत, पण प्रत्येकाची संख्या अगदी थोडी.

निदानाला उशीर होतो कारण नळी खूप सहन करते. आतली वाट निम्म्याहून जास्त बुजेपर्यंत रुग्णाला फारसं जाणवत नाही. व्यास ८ मिमीच्या आसपास आला की जिना चढताना धाप लागते, ५-६ मिमीवर आला की बसल्याजागी शीळ ऐकू येते. ८ वरून ५ वर यायला गाठ फार वाढावी लागत नाही. चिकट कफाचा एक गोळाही तेवढं काम करतो. म्हणून 'अचानक झालं' असं वाटतं.

दमा समजून वर्षानुवर्षं पंप चालू असतो. फरक करायचा तर स्टेथोस्कोप आधी मानेवर ठेवा. दम्याची घरघर छातीभर, वेगवेगळ्या सुरांची. इथे एकच सूर असतो आणि तो मानेवर किंवा छातीच्या हाडावर सगळ्यात मोठा. कुशी बदलली की सूर बदलत असेल तर देठाची गाठ हलतेय अशी शंका घ्या. फसवणूक करतात ती स्टेरॉइडं. गाठीभोवतीची सूज ओसरून रुग्णाला चार दिवस बरं वाटतं आणि दम्याच्या निदानावर शिक्कामोर्तब होतं.

निवासी_३

सर, छातीचा एक्स-रे नॉर्मल आणि स्पायरोमेट्रीत (फुंकर मारून करायची श्वासाची तपासणी) 'अवरोध' असा छापील अहवाल आला, तर ओळखायचं कसं? सगळ्यांचाच सीटी काढत बसता येत नाही.

दुर्बीण

एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मलच असतो. तरी ट्रेकियाची हवेची काळी पट्टी वरपासून खालपर्यंत बोट फिरवून बघायची सवय लावून घ्या. सगळे फुप्फुसं बघतात, मधली पट्टी कुणी बघत नाही.

स्पायरोमेट्रीत आकडे नाही, आलेख बघा. छापताना फ्लो-व्हॉल्यूम लूप, म्हणजे हवेचा वेग आणि आकारमान दाखवणारा आलेख, गाळला असेल तर परत मागवा. मानेतल्या ट्रेकियात हलता अडथळा असेल तर श्वास घेतानाचा, म्हणजे खालचा अर्धा भाग सपाट होतो. छातीतल्या ट्रेकियात असेल तर सोडतानाचा, वरचा. अडथळा न हलणारा असेल तर दोन्हीकडून कापल्यासारखा, डब्याच्या आकाराचा लूप येतो. दम्यात वरची रेष खोलगट झोळीसारखी असते, सपाट नसते.

लूप नसेल तर एक सोपा भागाकार आहे. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) मिलिलिटरमध्ये, पीईएफ (फुंकरीचा सर्वाधिक वेग) लिटर प्रतिमिनिटात, पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ८ च्या वर असेल तर शंका, १० च्या वर असेल तर सीटी. उदा. एफईव्ही१ २१०० आणि पीईएफ १८० असेल तर ११.७. दम्यात १५०० आणि २५० असेल तर ६. इथे एक चूक नेहमी होते. बरीच यंत्रं पीईएफ लिटर प्रतिसेकंद छापतात, तो आधी ६० ने गुणून घ्यायचा.

रुग्णाने फुंकर अर्धवट मारली तरी लूप सपाट दिसतो, म्हणून तिन्ही प्रयत्न एकावर एक जुळतात का ते बघा. आळसाने आलेला सपाटपणा दर वेळी वेगळ्या उंचीवर येतो. गाठीमुळे आलेला तिन्ही वेळा त्याच उंचीवर.

राखाडी_छटा

सीटीबद्दल. 'छातीचा सीटी' एवढंच लिहून पाठवू नका. छातीच्या स्कॅनची सुरुवात फुप्फुसाच्या टोकापासून होते, म्हणजे ट्रेकियाचा वरचा भाग त्यात येतच नाही. 'स्वरतंतूंच्या वरपासून करायनाच्या खालपर्यंत, १ मिमी किंवा त्याहून पातळ काप, डायसह' असं लिहा. करायना म्हणजे जिथे नळी दुभंगते ती जागा.

अहवालात शल्यविशारदाला चार मापं हवी असतात : क्रिकॉइड कूर्चेच्या (स्वरयंत्राच्या तळाची कडी) खालच्या कडेपासून गाठीच्या वरच्या कडेपर्यंत, गाठीची लांबी, गाठीच्या खालच्या कडेपासून करायनापर्यंत, आणि सगळ्यात अरुंद जागेचा व्यास. पहिल्या तीन मापांची बेरीज ट्रेकियाच्या एकूण लांबीशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर कुणीतरी तिरक्या कापावर मोजलंय. लांबी नळीच्या अक्षावर वळवलेल्या चित्रात मोजायची.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंतीबाहेर काय आहे. काही गाठी हिमनगासारख्या असतात. आत बोराएवढी, बाहेर लिंबाएवढी. दुर्बिणीतून हे कधीच दिसत नाही. म्हणून सीटी दुर्बिणीच्या आधी, नंतर नाही. दुर्बीण आधी झाली आणि रक्त आलं तर ती गुठळी सीटीत गाठीचाच भाग दिसते.

ओळखीच्या खुणा : गाठीत चरबीची घनता, म्हणजे उणे ४० ते उणे १२० हाउन्सफील्ड (सीटीतलं घनतेचं एकक), सापडली तर हॅमार्टोमा किंवा लायपोमा. चरबीसोबत लाह्यांसारखे चुन्याचे ठिपके असतील तर हॅमार्टोमा जवळपास नक्की. डाय दिल्यावर दिव्यासारखी उजळली तर ग्लोमस, रक्तवाहिन्यांची गाठ किंवा कार्सिनॉइड (सावकाश वाढणारा कर्करोगाचा प्रकार). ती बायोप्सीआधी फोनवर कळवायची गोष्ट आहे, नुसती अहवालात लिहून सोडायची नाही. अजिबात न उजळणारी, आत हवेचे बुडबुडे असलेली 'गाठ' म्हणजे बहुधा कफ. रुग्णाला खोकायला लावून तेवढाच भाग परत काढा.

पेट स्कॅनने साधी की कर्करोग हा प्रश्न सुटत नाही. श्वानोमा किंवा प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा चकाकू शकतात आणि कार्सिनॉइड गप्प बसू शकतो.

ज्याला आडवं झाल्यावर गुदमरतं त्याला स्कॅनसाठी झोपेचं इंजेक्शन देऊन आडवं करू नका. कुशीवर किंवा उशा लावून जेवढं मिळेल तेवढं स्कॅन घ्या.

दुर्बीण

सीटी आधी, याला +१. आता फ्लेक्झिबल दुर्बिणीचं गणित. तिची बाहेरची जाडी साधारण ५ ते ६ मिमी. वाट ६ मिमीची उरली असेल तर दुर्बीण म्हणजे बाटलीला बूच. अशा वेळी गाठीच्या वरूनच बघायचं, पलीकडे घुसायचं नाही, आणि तपासणी ओपीडीत न करता शस्त्रक्रियागृहात, ताठ ब्राँकोस्कोप टेबलावर जोडून ठेवून करायची.

बघताना लिहून ठेवा : देठ आहे की बैठी, कोणत्या भिंतीवर (घड्याळाच्या आकड्यांनी सांगा, पडदा ६ वाजता), स्वरतंतूंपासून किती कड्या खाली, वरची त्वचा अखंड की फोड आलेली, रंग, श्वासासोबत हलते का. लाल-जांभळी, गुळगुळीत, अंगावर शिरा असलेली गाठ चिमट्याने तोडायची नाही. गाठीचं नाव कळावं म्हणून ५ मिमीच्या वाटेत रक्तस्राव ओढवून घेण्यात अर्थ नाही. श्वासमार्ग हाताशी असताना, काढायच्याच वेळी नमुना घेता येतो.

काचपट्टी

नमुना घेतलाच तर त्यातून काय कळेल आणि काय नाही, हे आधी माहीत असावं. श्वानोमा, लायोमायोमा, ग्लोमस या त्वचेखालच्या गाठी. २ मिमीचा चिमटा वरची त्वचाच आणतो, मग आम्ही 'नॉर्मल श्वसनमार्गाची त्वचा' लिहितो आणि तुम्ही 'काही सापडलं नाही' असं वाचता. त्याचा खरा अर्थ 'गाठीपर्यंत पोचला नाहीत' असा आहे.

तीन सापळे. पहिला, ग्रॅन्युलर सेल ट्यूमरच्या वरची त्वचा इतकी आत घुसल्यासारखी वाढते की फक्त तेवढाच तुकडा आला तर स्क्वेमस कर्करोग समजला जातो. खाली दाणेदार पेशी आहेत का ते शोधावं लागतं. पेशी ओळखायच्या खास रंगचाचण्यांत एस-१०० पॉझिटिव्ह, सीडी६८ पॉझिटिव्ह, पास (पीएएस) नावाच्या रंगाने दाणे उठून दिसतात.

दुसरा, ग्लोमस आणि कार्सिनॉइड. दोन्हींत एकसारख्या गोल पेशी आणि भरपूर रक्तवाहिन्या. फ्रोझनवर, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा गोठवून केलेल्या तपासणीत, तर फरक करणं फारच अवघड. ग्लोमसमध्ये एसएमए पॉझिटिव्ह, प्रत्येक पेशीभोवती कोलॅजेन-४ ची जाळी, केराटिन आणि सिनॅप्टोफायसिन निगेटिव्ह. कार्सिनॉइडमध्ये सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, केराटिन पॉझिटिव्ह. हा फरक रुग्णाच्या दृष्टीने मोठा, कारण कार्सिनॉइडमध्ये लिम्फ ग्रंथीही काढाव्या लागतात.

तिसरा, प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा आणि अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. छोट्या तुकड्यात दोन्ही सारखे दिसू शकतात. फरक असतो तो कडेला, म्हणजे आजूबाजूच्या ऊतीत आणि मज्जातंतूंभोवती शिरलाय का यात, आणि चिमट्याच्या तुकड्यात कडाच नसते. म्हणून 'प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा, बायोप्सी' एवढ्या आधारावर 'साधी आहे, जाळूया' असं ठरवू नका.

पाठवताना : १०% फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट तरी. गाठीचा तळ वेगळ्या बाटलीत. लेझरने जाळलेली कड वाचता येत नाही, म्हणून तळाचा शेवटचा तुकडा थंड चिमट्याने घ्या. नळीचा पूर्ण तुकडा असेल तर वरच्या टोकाला दोरा बांधा आणि तसं फॉर्मवर लिहा. दोरा नसलेल्या नळीची वर-खाल बाजू आम्हाला कळत नाही.

निवासी_३

भुलेबद्दल कुणी लिहील का? पुस्तकात 'श्वास चालू ठेवा' एवढंच आहे.

भुलवणारा

कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. 😀 पण थोडं फोडून लिहितो.

आदल्या दिवशी तीन प्रश्न : आडवं झोपता येतं का, कोणत्या कुशीवर बरं वाटतं, गाठ हलते की नाही. ज्या कुशीवर बरं वाटतं ती गुदमरल्यास वापरायची सुटकेची स्थिती. चिंता कमी व्हावी म्हणून झोपेची गोळी नको.

गुंगी देताना सेव्होफ्लुरेन किंवा हळूहळू वाढवलेलं प्रोपोफॉल, रुग्णाचा स्वतःचा श्वास चालू ठेवून. अरुंद नळीतून वायू जायला वेळ लागतो, त्यामुळे सेव्होफ्लुरेनने नेहमीपेक्षा बराच वेळ लागेल. घाई केली की अर्धवट गुंगीत खोकला येतो आणि तिथेच सगळं अडतं. ताठ स्कोप गाठीपाशी पोचून वाट ताब्यात येईपर्यंत स्नायू शिथिल करणारं औषध नको. शिथिल झाल्यावर छातीतली नळी दबली तर मास्कने कितीही दाबा, हवा जात नाही.

साधी एंडोट्रेकियल ट्यूब आंधळेपणाने ढकलू नका. तीन गोष्टी होतात : गाठीला लागून रक्त येतं, तुकडा तुटून खाली जातो, किंवा टोक गाठीवर टेकून पूर्ण बंद. गाठ बरीच खाली असेल तर ट्यूब गाठीच्या वर थांबवून दुर्बिणीतून बघत पुढे जाता येतं. गाठ स्वरतंतूंच्या लगेच खाली असेल तर ट्यूबचा फुगा ठेवायलाच जागा नसते.

जेट व्हेंटिलेशन, म्हणजे बारीक नळीतून दाबाने हवेच्या फुंकरा देणं, १९६७ पासून ताठ ब्राँकोस्कोपीत वापरात आहे, सँडर्स यांची पद्धत. प्रौढांतही १ ते २ बारपासून सुरुवात करा. आत जाणारी हवा दिसते, बाहेर येणारी विसरली जाते. गाठ झडपेसारखी असेल तर हवा आत जाते, बाहेर येत नाही, आणि काही फुंकरांत फुप्फुस फाटून न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) होतो. प्रत्येक फुंकरीनंतर छाती खाली बसली का ते डोळ्याने बघून मगच पुढची.

वाट ५ मिमीच्या खाली असेल, गाठ करायनापाशी असेल आणि रुग्ण बसूनच श्वास घेत असेल तर जागेपणीच मांडीच्या शिरांत एक्मोच्या (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं यंत्र) वाहिन्या घालून ठेवण्याचा विचार करा. 'लागलं तर घालू' हा बेत कागदावरच चांगला दिसतो. श्वास पूर्ण अडल्यावर हातात काही मिनिटं असतात आणि वाहिन्या घालून यंत्र चालू व्हायला त्याहून जास्त वेळ जातो.

हेलियम-ऑक्सिजन ७०:३० ने तात्पुरती धाप कमी होते, कारण वायू हलका असल्याने अरुंद जागेतली खळबळ कमी होते. पण ऑक्सिजन ३०% च मिळतो. ज्याला त्याहून जास्त लागतो त्याच्या उपयोगाचं नाही.

दुर्बीण

आता आतून काढायचं काम. कुणाला? देठाची गाठ, तळ अरुंद, सीटीत भिंतीबाहेर काही नाही, कूर्चा शाबूत. हॅमार्टोमा, लायपोमा, देठाचा श्वानोमा, पॅपिलोमा. ग्रॅन्युलर सेल साधारण ८ मिमीपर्यंत. त्याहून मोठी झाली की ती बहुधा भिंतीत उतरलेली असते.

ताठ स्कोप घेताना ट्रेकियासाठीचा घ्या, बाजूला भोकं नसलेला. भोकं असलेला लांब ब्राँकियल स्कोप ट्रेकियातच थांबवला तर भोकं स्वरयंत्राच्या वर राहतात, हवा तिथूनच निसटते आणि मग 'फुगत का नाही' म्हणून शोधाशोध होते.

देठाची असेल तर विजेचा फास. फास देठाच्या तळाशी बसवा, हलके आवळा, आणि करंट देण्याआधी दुसऱ्या चिमट्याने गाठ धरून ठेवा. कापल्यावर सुटलेली गाठ करायनावर आडवी बसली तर दोन्ही फुप्फुसं एकदम बंद. तसं झालंच तर उपसत बसू नका. ती एका बाजूच्या ब्राँकसमध्ये (फुप्फुसात जाणारी शाखा) ढकला, दुसरं फुप्फुस चालू करा, मग सावकाश काढा.

आग : लेझर किंवा करंट चालू करताना ऑक्सिजन ४०% च्या खाली हवा. भूलतज्ज्ञाने आकडा कमी केला म्हणजे नळीतला ऑक्सिजन लगेच उतरत नाही. बाहेर येणाऱ्या वायूतला आकडा ४० खाली आलेला बघून मग पेडल दाबा. आग लागलीच तर वायू बंद, ट्यूब असेल तर बाहेर, सलाइन ओता, मास्कने श्वास, मग परत आत बघून जळलेलं तपासा.

बैठ्या गाठीला एनडी-याग लेझर, १०६४ नॅनोमीटर. ही किरणं काही मिलिमीटर खोल जातात आणि वर फक्त पांढरं दिसतं. ताकद २० ते ४० वॉट, झटके एक सेकंदाच्या आतले, फायबर गाठीपासून अर्ध्या ते एक सेंमीवर आणि नळीला समांतर. पडद्याच्या भिंतीवर काटकोनात कधीच नाही, पलीकडे अन्ननलिका आहे. खूप वेळ एकाच जागी धरलं तर आतलं पाणी उकळून गाठ लाहीसारखी फुटते आणि रक्त येतं. पांढरी झाली की लेझर थांबवा, स्कोपच्या तिरप्या कडेने खरवडून काढा. आणि पूर्ण वर्तुळात जाळू नका. मध्ये निरोगी त्वचेची पट्टी सोडा, नाहीतर गाठ जाईल आणि आवळलेला व्रण येईल.

रक्त आलं तर आधी स्कोपच्या टोकानेच दाबा. मग थंड सलाइन, पातळ केलेलं अॅड्रेनॅलिन. रक्त थांबण्याआधी शोषून शोषून दृश्य स्वच्छ करायचा हट्ट नको.

उरोशल्य

छान लिहिलंय. एक भर : साध्या गाठीत धातूचा स्टेंट घालू नका. अमेरिकेच्या औषध-नियंत्रक संस्थेने (एफडीए) २००५ मध्येच साध्या आजारांत धातूच्या स्टेंटविरुद्ध इशारा दिला होता. जाळीतून दाणेदार मांस वाढतं, स्टेंट रुततो, आणि जिथे २ सेंमी कापून भागलं असतं तिथे ५ सेंमी खराब होतं.

शस्त्रक्रिया कुणाला : बैठी, रुंद तळ, हिमनग, कूर्चेत शिरलेली, दुर्बिणीने काढूनही परत आलेली, किंवा बायोप्सीत शंका राहिलेली.

सुरक्षित किती कापता येतं? १९५० च्या आसपास २ सेंमी ही मर्यादा समजली जायची. नंतर अमेरिकी शल्यविशारद ग्रिलो आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांवर ताण मोजून दाखवलं की मान वाकवून आणि नळी पुढून मोकळी करून सरासरी ४.५ सेंमी काढता येते. आज प्रौढांत साधारण निम्मी लांबी ही वरची हद्द मानतात, मुलांत तिसरा हिस्सा. मान आखूड, पाठीला बाक असलेला वयस्कर रुग्ण असेल तर त्याहून कमी. साध्या गाठीत काही मिलिमीटर निरोगी कड पुरते. 'अजून एक कडी घेऊ' हा मोह टाळा, कारण इथे ताण हा गाठीपेक्षा मोठा शत्रू आहे.

वरच्या अर्ध्यासाठी मानेवर आडवा छेद, गरज पडली तर छातीच्या हाडाचा वरचा भाग उघडून. खालच्या भागासाठी उजव्या छातीतून, चौथ्या फासळीखालून. गाठ बाहेरून दिसत नसेल तर आतून दुर्बिणीचा उजेड, आणि २५ नंबरची बारीक सुई बाहेरून टोचून आतल्या माणसाला विचारायचं, कडेवर आलो का.

नळी मोकळी करायची ती पुढून आणि मागून. रक्तपुरवठा दोन्ही बाजूंनी, तुकड्या-तुकड्याने येतो. जी नळी ठेवायची आहे तिच्या टोकाशी १ सेंमीपेक्षा जास्त भाग सगळीकडून सोलला तर कड काळी पडते आणि जोड सुटतो. आवाजाच्या नसा शोधायला जाऊ नका. नळीला चिकटून चाला, त्या आपोआप बाजूला राहतात.

खालची कड कापण्याआधी तोंडातल्या ट्यूबच्या टोकाला एक दोरा बांधा. ती वर ओढली की परत आणायला तोच दोरा कामी येतो. मग शस्त्रक्रियेच्या जागेतून खालच्या तोंडात ६ किंवा ६.५ ची तारेची निर्जंतुक ट्यूब. दोन्ही टोकांना, कडेपासून १ सेंमीवर, दोन बाजूंना २-० व्हिक्रिलचे (विरघळणारा दोरा) ओढदोरे.

टाके ४-० व्हिक्रिल, सुटे, कडेपासून ३-४ मिमी आणि एकमेकांपासून ३-४ मिमी, दोऱ्याच्या गाठी नळीच्या बाहेर. मागच्या मध्यापासून सुरुवात, एकेक पुढे येत, एकही न बांधता, क्रमाने चिमट्यांत लावून. टाका घालताना ट्यूब दोन-तीन मिनिटं बाहेर, मग परत आत. सगळे झाले की खांद्याखालची उशी काढा, डोक्याखाली घड्या लावून मान वाकवा, ओढदोरे बांधा, आणि मग टाके पुढून मागे बांधत जा. मान वाकवायच्या आधी बांधलं तर कूर्चा कापत दोरा बाहेर येतो.

जोडावर सलाइन ओता, ट्यूबचा फुगा सोडा, २०-३० सेंमी पाण्याचा दाब द्या. बुडबुडा आला तर आत्ताच टाका घाला. जोड आणि समोरची मोठी रोहिणी यांच्यात मानेच्या स्नायूची किंवा थायमसची गादी हवीच. त्या रोहिणीवरचं आवरण सोलून तिला उघडं करू नका.

कानाकोपरा

पडद्याच्या भिंतीला सलग पीडीएसचा (सावकाश विरघळणारा दोरा) टाका घालणारेही बरेच आहेत, परिणाम चांगले येतात. तेवढं मात्र बरोबर की ताण जास्त असेल तर सुटे बरे.

ताण कमी करायला स्वरयंत्र खाली आणायचं असेल तर हायॉइडच्या (जिभेखालचं हाड) वरून सोडवा, १ ते १.५ सेंमी मिळतात. हायॉइडच्या खालून सोडवलं तर गिळण्याचा त्रास आणि ठसका जास्त. छातीतल्या जोडाला वरचं हे सोडवून फारसा फायदा नाही, तिथे फुप्फुसाच्या मुळाशी सोडवावं लागतं.

जोडावर ताण येऊ नये म्हणून बरेच जण शेवटी हनुवटीपासून छातीपर्यंत एक टाका घालतात. त्याबद्दल माझं मत वेगळं. २ सेंमी कापलं असेल तर त्याची गरज नाही, मान मागे जाऊ नये म्हणून कॉलर पुरते. टाका घालायचाच असेल तर तो फक्त मान मागे जाऊ न देण्यासाठी. हनुवटी छातीला चिकटवायची नाही. अतिरेकी वाकवून मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय लुळे पडल्याच्या नोंदी आहेत.

उरोशल्य

मणक्याबाबत पूर्ण सहमत. टाका मी आठवणीचा दोरा समजतो : रुग्णाने झोपेत मान मागे टाकली की त्याला जाणवावं. सात दिवस, मग काढायचा. अधूनमधून हातापायांची ताकद तपासत राहा.

निवासी_३

आणि मुलांमध्ये? त्यांचाही तुकडाच काढायचा?

कानाकोपरा

शक्य तितका टाळायचा. बाळात स्वरतंतूंच्या खाली, बहुधा मागच्या-डाव्या बाजूला, दाबली जाणारी लालसर गाठ म्हणजे हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ). जन्मानंतर पहिले काही आठवडे ठीक, मग दोन-तीन महिन्यांत शीळ, क्रूप (लहान मुलांतली स्वरयंत्राची सूज) समजून पुन्हा पुन्हा उपचार. तिची बायोप्सी नको. २००८ मध्ये फ्रान्सच्या बोर्दोतल्या डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉलने हिमँजिओमा आटतो हे नोंदवलं आणि चित्रच पालटलं. डोस किलोमागे दिवसाला २ ते ३ मिग्रॅ, विभागून, हळूहळू वाढवत, दूध पाजल्यावरच, कारण उपाशीपोटी साखर उतरते. लवकर थांबवलं तर गाठ परत फुगते.

पॅपिलोमा ही वेगळी कथा. एचपीव्ही ६ आणि ११ मुळे, पुन्हा पुन्हा येणारा. तिथे ध्येय समूळ उच्चाटन नाही, वाट मोकळी ठेवणं आणि स्वरतंतू वाचवणं. ट्रेकिओस्टमी (मानेतून श्वासनलिकेला पाडलेलं छिद्र) शक्यतो टाळा, छिद्रापाशी आणि खाली पॅपिलोमा पसरतो. लेझरच्या धुरात विषाणूचे अंश असतात. धूर ओढणारं यंत्र आणि योग्य मास्क हवाच.

भुलवणारा

ट्रेकियाच्या जोडकामानंतर ट्यूब टेबलावरच काढायची, रुग्ण जागा आणि खोकल्याविना. व्हेंटिलेटरवर पाठवणं म्हणजे जोडावर फुगा आणि दाब दोन्ही.

पहिल्या रात्री ट्यूब परत घालायची वेळ आलीच तर नेहमीसारखी मान मागे करून लॅरिंगोस्कोप घालू नका. फ्लेक्झिबल दुर्बिणीवर ५.५ किंवा ६ ची ट्यूब, जोड डोळ्याने बघत, फुगा जोडाच्या खाली जाईल अशी.

निवासी_३

जोड बिघडतोय हे आधी कसं ओळखायचं?

उरोशल्य

पहिली खूण मानेतली हवा : बोटाखाली करकर. थोडी असेल आणि वाढत नसेल तर जखमेचा एक टाका सोडून हवेला वाट द्या. वाढत असेल, ताप असेल किंवा आवाज बदलला असेल तर त्याच दिवशी दुर्बीण. शीळ पहिल्या दोन दिवसांत आली तर बहुधा स्वरयंत्राची सूज : डोकं उंच, अॅड्रेनॅलिनचा नेब्युलायझर, एक-दोन दिवस स्टेरॉइड, त्याहून जास्त नाही. शीळ तीन-चार आठवड्यांनी आली तर दाणेदार मांस किंवा आवळलेला जोड. मधुमेह, दीर्घकाळ स्टेरॉइड, ४ सेंमी किंवा त्याहून जास्त लांबी, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया, आधीची ट्रेकिओस्टमी यांत जोड सुटायचा धोका जास्त. दम्याच्या चुकीच्या निदानावर वर्षभर गोळ्या घेतलेल्या रुग्णाचं स्टेरॉइड शस्त्रक्रियेआधी शक्य तेवढं, सावकाश, उतरवा. एकदम थांबवू नका.

सातव्या दिवशी दुर्बीण सगळ्यांनाच. कड पांढरट-गुलाबी आणि टाके न दिसता झाकलेले असले तर घरी.

काचपट्टी

पुढच्या तपासण्यांबद्दल : पूर्ण तुकडा, कड स्वच्छ, असा अहवाल असेल तर साधी गाठ परत येणं विरळा. दुर्बिणीने काढलेल्यांत तळ उरण्याची शक्यता असते, त्यातही ग्रॅन्युलर सेल आणि श्वानोमा सावकाश, वर्षांनी परत येऊ शकतात. ग्रॅन्युलर सेल एकाहून जास्त ठिकाणी असू शकतो, म्हणून पहिल्याच वेळी दोन्ही बाजूंचे ब्राँकस बघून घ्यावेत.

दुर्बीण

आतून काढलेल्यांना दुर्बीण ६ आठवडे, ६ महिने, १ वर्ष, मग काही वर्षं दरवर्षी. मधल्या काळात स्पायरोमेट्रीचा लूप पुरतो, पण काढल्यानंतर महिन्याभराने एक नवा लूप घेऊन तो 'मूळ' म्हणून जपून ठेवा. पुढचे सगळे त्याच्यावर ठेवून बघायचे.

भुलवणारा

आणि सुट्टी देताना रुग्णाच्या कागदावर एक ओळ : जोड वरच्या दातांपासून किती सेंमीवर आहे, आणि सातव्या दिवशी आत किती मिमी वाट होती. दहा वर्षांनी अपेंडिक्ससाठी भूल द्यायला बसलेल्याला ट्यूब कोणत्या मापाची आणि फुगा कुठे, हे त्या एका ओळीवरून ठरवता येतं.